भीतीची शिकवणी

आमच्या केंद्रात नवा माणूस कामाला आला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट सांगते. इथे लाड करायचे नाहीत. लोक हसतात. त्यांना वाटतं, बाई गंमत करतेय. आठवडाभरात त्यांच्या लक्षात येतं की बाईला गंमत फारशी जमत नाही आणि राग मात्र कायम नाकाच्या शेंड्यावर असतो.

आमचं केंद्र म्हणजे समुद्राकाठी ओळीने बांधलेल्या लांबट खोल्या, मागच्या अंगाला तलाव आणि मासळीच्या वासाने कायमचं भरलेलं एक स्वयंपाकघर. जाळ्यात अडकलेली कासवं, तेलाने माखलेले पक्षी, आईवेगळी पिल्लं इथे येतात, बरी होतात आणि जिथली तिथे परत जातात. कासवांचं एक बरं असतं. तुम्ही त्यांच्यासाठी जीव टाका नाहीतर टाकू नका, त्यांना त्याचं सोयरसुतक नसतं. पाणमांजराचं पिल्लू तसं नाही. ते दूध पाजणाऱ्याच्या गळ्यातच पडतं. आणि जंगली जनावर एकदा माणसाच्या गळ्यात पडलं की त्याचं भलं होत नाही.

मी इथे यायच्या आधी एका पिल्लाला लोकांनी असंच कौतुकाने मोठं केलं होतं. त्याला नाव ठेवलं, त्याच्याशी बोबडं बोलले, मांडीवर झोपवलं. सोडल्यावर ते खाडीत न राहता सरळ मासेमारीच्या धक्क्यावर गेलं आणि जाळं धुणाऱ्या एका माणसाच्या पायाशी जाऊन उभं राहिलं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? दातवालं जनावर अंगावर आलं म्हणून त्याने वल्हं उचललं. मला त्या माणसाचा राग येत नाही. नाव ठेवणाऱ्यांचा येतो.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहेत. पिल्लाच्या खोलीत जाताना पायघोळ काळा झगा घालायचा, तोंडावर वेल्डिंगवाल्यांचा असतो तसला काळा मुखवटा लावायचा, खाडीच्या पाण्यात बुडवलेले हातमोजे चढवायचे. पिल्लाला माणसाचा चेहरा दिसता कामा नये. नाव नाही. आणि तोंडातून अक्षर नाही.

यंदाचं पिल्लू आलं ते मासळीच्या टोपलीत. खाडीच्या तोंडाशी कुणीतरी टाकून दिलेल्या जाळ्यात त्याची आई गुरफटून मेली होती आणि हे तिच्या अंगावर बसून शीळ घालत होतं. पाणमांजरं शिळेनेच बोलतात. आईला हाक मारायची शीळ वेगळी असते. ती ऐकली की दगडालाही पाझर फुटावा. टोपली आणणारा होडीवाला ती माझ्या हातात देऊन मागे न बघता चालू लागला. तो रडत होता. मीही रडत होते, पण मी मुखवटा लावलेला होता, त्यामुळे माझी अब्रू वाचली.

पिल्लाला दर थोड्या वेळाने दूध लागतं. या कामाला मी आणि माझी जोडीदारीण अशा दोघी होतो. ती नेमकी ओल्या पायरीवरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसली. आमच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टर आणि केंद्राच्या प्रमुख, मला म्हणाल्या, "तुझ्या घरी आहे का गं कुणी, तोंड बंद ठेवू शकणारं?"

घरी दोघे होते. एक माझा नवरा. तो फेरीबोटीवर मेकॅनिक आहे आणि झोपेतसुद्धा बोलतो. दुसरे माझे सासरे.

सासरे शिंपी. सासूबाई गेल्यावर त्यांनी दुकान आवरलं आणि शिलाई मशीन तेवढं घेऊन आमच्याकडे राहायला आले. माणूस इतका भिडस्त की स्वतःच्या मुलाच्या घरात पाहुण्यासारखा वागायचा. खोलीत यायच्या आधी दाराशी खाकरणार, मग पाऊल आत टाकणार. चहा थंड झाला तरी तसाच पिणार. भाजी अळणी झाली तर "आज निराळी लागतेय, छान" म्हणणार. अशा माणसाशी भांडायची सोय नसते, आणि मला तर भांडल्याशिवाय चैन पडत नाही. आल्यापासून दोन वर्षं आम्ही एकमेकांशी गोड बोलत होतो, म्हणजे खरं तर बोलतच नव्हतो.

केंद्राचे झगे मात्र त्यांनीच शिवले होते. पहिला झगा शिवायला दिला तेव्हा त्यांनी माझं माप घ्यायला टेप काढली होती. मी म्हटलं, "बाबा, माप नको. आत बाई आहे की पुरुष, जाडी आहे की बारीक, काही कळता कामा नये."

"म्हणजे कुणालाच बसू नये असा?"

"कुणालाच."

"कठीण आहे," ते म्हणाले. "जन्मभर बसावा म्हणून शिवत आलो."

पण झगा झकास झाला. तो घालून मी आरशासमोर उभी राहिले तर मला मीच ओळखू येईना.

तर सासरे माझ्यासोबत कामाला यायला लागले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना नियम समजावले, त्यांनी मान डोलावली. मी आधी दोन दिवस काचेआडून पाहत राहिले. ती काच अशी असते की आपल्याला आतलं दिसतं, आतल्याला आपण दिसत नाही. वर कॅमेराही आहे, पण त्यात नुसतं चित्र येतं. मला खात्री होती की हा माणूस विरघळणार आणि "अरे अरे, असं नाही करायचं" असं काहीतरी बोलून जाणार. नाही बोलले. बाटली धरायचा त्यांचा हात असा स्थिर होता की पिल्लाला कधी ठसका म्हणून लागला नाही. दूध संपलं की ओल्या फडक्याने त्याची लव उलटीसुलटी चोळायचे, कापडाची दिशा बघावी तसे. पिल्लू त्यांच्या झग्याच्या घोळात डोकं खुपसून झोपी जायचं आणि ते मुखवट्याआड तसेच बसून राहायचे. शब्द नाही, सुस्कारा नाही. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "बघितलंत? आमच्या घरचं माणूस आहे." तोपर्यंत मी त्यांच्याबद्दल असं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला होता.

पिल्लू वाढलं. दुधावरून माशाच्या तुकड्यांवर आलं, तुकड्यांवरून जिवंत माशांवर. मग आम्ही त्याला मागच्या तलावात हलवलं. तिथे एका कडेला उंच गवत आहे, दगडांची कपार आहे, तळाला खेकडे सोडलेले असतात. पहिला खेकडा त्याने पकडला तेव्हा खेकड्यानेच त्याला पकडलं होतं असं म्हणणं जास्त खरं. पण आठवडाभरात त्याला युक्ती कळली. तलावाच्या भिंतीत एक छोटं दार आहे. त्या दारातून झगा घालून आम्ही मासे सोडायला जायचो आणि लगेच परत फिरायचो. एकदा नळवाला साध्या कपड्यांत तिथे आला, तर पिल्लू क्षणात गवतात दिसेनासं झालं. नळवाल्याला वाईट वाटलं. आम्ही त्याला पेढे द्यायचेच काय ते बाकी राहिले होते.

सोडायची परवानगी वन्यजीव खात्याचे साहेब देतात. ते एका सकाळी आले. मुद्दाम झगा-मुखवटा न घालता, ऑफिसच्या कपड्यांत, तलावाच्या काठाशी जाऊन उभे राहिले. पिल्लाने त्यांना पाहिलं आणि बुडी मारली. गवत हललं, मग तेही थांबलं. भिंतीआड डॉक्टरीणबाईंनी माझा हात दाबला. साहेबांनी समाधानाने मान डोलावली, आमच्याकडे वळले आणि बोलायच्या आधी साहेब लोक करतात तसा त्यांनी घसा साफ केला.

गवतातून डोकं वर आलं. पिल्लू पाणी कापत काठाशी आलं, दगडावर चढलं आणि साहेबांची विजार दोन्ही पंजांनी धरून त्यांच्या बुटावर उभं राहिलं. वर तोंड करून शीळ घालत होतं. आईला हाक मारायची ती शीळ. टोपलीतून आलं त्या दिवसापासून मी ती ऐकली नव्हती.

साहेब हलले नाहीत. वाईट माणूस नव्हता तो. त्यांचा चेहरा बघता बघता मऊ झाला, आणि मला तेच नको होतं. हेच तर सगळ्यांचं होतं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे तर पाळीव झालंय."

डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ विनवण्या केल्या. शेवटी ते म्हणाले, "महिन्याभराने परत येतो. पण तेव्हाही असं माणसाकडे आलं तर मोठ्या मत्स्यालयात पाठवू. दुसरं काय करणार? धक्क्यावर वल्हं खाऊन मरण्यापेक्षा काचेत जगलेलं बरं." त्यांचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या माणसाचा मला जास्त राग येतो.

मग आमच्यात चौकशी सुरू झाली. मी प्रत्येकावर संशय घेतला, नळवाल्यावरसुद्धा. सासऱ्यांना स्वयंपाकघरात गाठून सरळ विचारलं, "बाबा, खरं सांगा. बोलत होता का त्याच्याशी?"

"एक शब्द नाही, पोरी. तुझ्या सासूची शपथ."

सासूबाईंची शपथ ते खोटी घेणार नाहीत हे मला माहीत होतं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पडलं की साहेबांच्या बुटाला कसला तरी वास असेल. असेलही, असं म्हणून आम्ही तो दिवस ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी ओट्याशी उभी होते. डोक्यात तेच पिल्लू. मागे दाराशी सासरे खाकरले, आणि माझा हात आपसूक चहाच्या भांड्याकडे गेला. ते अजून आत आले नव्हते. मी मान वळवली नव्हती. ते चहा मागणार, मी ठेवणार, असं काही बोलणंही झालं नव्हतं. नुसता आवाज आला आणि हात निघाला. मी भांडं हातात धरून तशीच उभी राहिले. माझं आणि त्या पिल्लाचं एकच झालं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "जरा बाहेर जा आणि परत आत या."

"का गं?"

"जा तर."

ते बाहेर गेले. खाकरले. आत आले.

"तुम्ही खाकरलात."

"मी? कधी?"

"आत्ता! दोन्ही वेळा! पिल्लाच्या दाराशीही खाकरता तुम्ही, दर वेळी, आत जायच्या आधी!"

ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला आणि ते खुर्चीवर बसले. "दुकानात पडद्यामागे बायामाणसं कपडे घालून बघायची," ते म्हणाले. "घरात सून. माणसाने असं एकदम शिरू नये कुठे. समोरचं दचकतं."

"ते जनावर आहे, बाबा! त्याला दचकायलाच शिकवायचं होतं आपल्याला!"

मी बरंच काही बोलले. दोन वर्षांचं साचलेलं सगळं त्यात आलं. थंड चहा आला, अळणी भाजी आली, तुमचा हा चांगुलपणा एखाद्याचा जीव घेईल असंही आलं. नवरा दारापर्यंत येऊन परत फिरला. सासऱ्यांनी खाली मान घालून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "उद्यापासून मी येत नाही."

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या आधी हसल्या आणि मग कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, "कॅमेऱ्याला आवाज नाही हे खरं. पण तू तर शेजारच्याच खोलीत मासे चिरत असायचीस."

"ऐकत होते की रोज. पण घरातलं घड्याळ आपल्याला कुठे ऐकू येतं?"

उपाय एकच होता, आणि तो कुणालाच आवडला नाही. शिकलेलं मोडायचं. साध्या कपड्यांत काठावर जायचं, खाकरायचं आणि पिल्लू बाहेर आलं की पत्र्याचा डबा बडवायचा, पाण्याचा फवारा मारायचा. खाकरणं ऐकलं की पुढे काहीतरी वाईट होतं, हे त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. मी सुरुवात केली. मग डॉक्टरीणबाई, मग नळवाला. चार-पाच दिवसांत आम्हा तिघांना पिल्लू चांगलंच घाबरायला लागलं. मी खूश झाले. पण डॉक्टरीणबाई हुशार बाई. त्यांनी सासऱ्यांना केंद्रात बोलावलं आणि भिंतीआडून नुसतं एकदा खाकरायला सांगितलं. पिल्लू कपारीतून बाणासारखं सुटलं आणि शीळ घालत काठाशी येऊन शोधायला लागलं.

"यांचं खाकरणं निराळं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वयस्क माणसाचं, मऊ. साहेबांचंही तसलंच होतं."

आणि जगात वयस्क माणसांचा काय तुटवडा आहे? धक्क्यावर निम्मे तेच बसलेले असतात. म्हणजे ज्याने शिकवलं, त्यानेच मोडायला हवं होतं.

सासरे तिथून सरळ घरी निघून आले होते. मी मागोमाग आले तर मशीनवर काहीतरी शिवत बसलेले.

"मी नाही करणार," माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी जन्मात कुणावर हात उगारला नाही."

"हात नाही उगारायचा. डबा वाजवायचा."

"त्याला काय वाटेल?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "वाईट वाटेल," मी म्हटलं.

"आईवेगळं आहे ते."

"म्हणून तर, बाबा. आई असती तर तिनेच शिकवलं असतं माणसाला भ्यायला. आता कुणीतरी तिचं काम करायला नको?"

मशीन चालू राहिलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "ते मत्स्यालय... टाकी केवढी असते?"

"या खोलीएवढी. फार तर थोडी मोठी. समोर काच. दिवसभर माणसं येतात, पोरं येतात, म्हातारी माणसं येतात. कुणी खोकतं, कुणी खाकरतं. दर वेळी ते उठून काचेपर्यंत येईल, बाबा. शीळ घालेल. आणि मध्ये काच असेल. पंधरा-पंधरा वर्षं जगतं हे जनावर."

त्यांनी शिवण पुरी केली, दोरा दातांनी तोडला आणि उठले. "चल," म्हणाले.

त्यांनी धुतलेला सदरा घातला. मी कारण विचारलं नाही. त्या दिवशी पिल्लाला त्यांचा चेहरा पहिल्यांदा दिसणार होता.

तलावाच्या काठावर ते एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात पळी घेऊन उभे राहिले. मी फवाऱ्याची नळी धरून बाजूला. त्यांनी खाकरलं. पिल्लू आलं, आनंदाने येतं तसं सगळं अंग हलवत आलं. पायाशी थांबलं आणि वर बघायला लागलं. मुखवटा नव्हता, झगा नव्हता. त्याने त्यांचा वास घेतला, जरा गोंधळलं, मग सदऱ्याची कड धरून उभं राहायची खटपट करायला लागलं. सासऱ्यांचे दोन्ही हात खाली लोंबत होते. मला ओरडावंसं वाटत होतं की वाजवा, बाबा, आता वाजवा. आणि त्याच वेळी वाटत होतं, राहू दे. मी हे काम इतकी वर्षं करतेय, पण तेव्हा त्यांनी डबा फेकून पिल्लाला उचलून घेतलं असतं, तर मी त्यांना अडवलं असतं की नाही, मला सांगता येत नाही.

त्यांनी डबा वाजवला. पिल्लू उलटं पाण्यात पडलं. मी फवारा सोडला. ते कपारीत गेलं, गवत हलायचं थांबलं, तरी सासरे डबा बडवतच होते, शेवटी मी जाऊन त्यांच्या हातातून पळी काढून घेतली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. ते यायचं थांबेपर्यंत करावं लागणार."

दुसऱ्या दिवशी पिल्लू परत आलं. तसंच, अंग हलवत. जनावर झाल्यागेल्याचं मनात ठेवत नाही, लगेच माफ करून टाकतं, आणि आमची सगळी अडचण तीच होती. तिसऱ्या दिवशीही आलं. सासरे रोज यायचे, खाकरायचे आणि डबा वाजवायचे. जेवणावरची त्यांची वासना उडाली. एके दिवशी ते ताट बाजूला सारून म्हणाले, "भाजीत मीठ नाही." मी चमचा घेऊन मीठ वाढलं आणि बाहेर जाऊन रडले. त्या माणसाने पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं.

"त्या दिवशी मी फार बोलले, बाबा," रात्री भांडी आवरताना मी म्हटलं.

"बरं केलंस. तू ओरडली नसतीस तर मी मरेपर्यंत शपथेवर सांगितलं असतं की मी गप्प होतो."

मग एका सकाळी पिल्लू अर्ध्यावर येऊन थांबलं. पाण्यातून नुसतं डोकं वर. शीळ घातली नाही. सासऱ्यांनी डबा उचलायच्या आधीच वळलं. त्यानंतर ते आलं नाही. ते खाकरायचे, गवत हलायचं, आणि बस. आता मला वेगळीच काळजी लागली. तलावात घाबरतं, पण मोकळ्या पाण्यात? तिथे भिंत नाही, पत्रा नाही, फवारा नाही. एकटं पडल्यावर त्याला जुनंच काही आठवलं तर?

महिन्याने साहेब परत आले, तर त्यांच्याही मनात तेच होतं. म्हणाले, "तलावातलं मी मानतो. पण परीक्षा खाडीत घेऊ. सोडल्यावर माणसाच्या आवाजाला किनाऱ्यावर आलं, तर तिथूनच पिंजऱ्यात घालून न्यायचं. कबूल?" कबूल न होऊन सांगते कुणाला?

सोडायची जागा म्हणजे राखीव खाडी. तिथे जाळी टाकायला बंदी आहे, इंजिनाच्या होड्यांना बंदी आहे. पाण्यात मुळं सोडून उभी असलेली झाडं, त्यांच्या बुंध्यांशी चिखलात हजार भोकं आणि भोकाभोकात खेकडे. पलीकडच्या काठाला पाणमांजरांची दोन कुटुंबं आहेत. त्यांच्या पावलांचे ठसे आम्हाला चिखलात दिसले. डॉक्टरीणबाईंनी ते ठसे साहेबांना दाखवले. साहेब वाकून पुष्कळ वेळ बघत राहिले. आमच्या होडीशेजारी दुसरी होडी बांधलेली होती, तिच्यात रिकामा पिंजरा तयार ठेवलेला. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

पेटीचं दार उघडलं. पिल्लू, आता पिल्लू कसलं, चांगलं लांबसडक झालं होतं, आधी नाक बाहेर काढून थांबलं. मग चिखलावरून घसरत पाण्यात गेलं. बुडी मारली, वर आलं, परत बुडी मारली. काठापासून फार लांब गेलं नाही. गोल गोल फिरत राहिलं. एवढं पाणी त्याने आईबरोबर पाहिलं असेल, त्यानंतर नाही.

साहेब पुढे झाले. "मी खाकरू?"

"नको, साहेब," सासरे म्हणाले. "माझ्याच आवाजाला यायचं ते. मलाच करू द्या."

ते पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि काहीच झालं नाही. त्यांच्या घशातून आवाज येईना. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय होत होतं ते मला कळत होतं. आलं तर पिंजरा, नाही आलं तर कायमचं गेलं, आणि त्यांच्या मनाला दोन्ही हवं होतं, दोन्ही नको होतं. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

त्यांनी खाकरलं.

पाण्यातलं डोकं वळलं. ते सरळ आमच्याकडे बघत होतं. त्याच्या मिशांवरून पाणी ओघळताना दिसत होतं इतकं ते जवळ होतं. एवढ्या दिवसांत ते इतका वेळ असं स्थिर राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांनी हात बाजूला घट्ट दाबून धरला होता, उंचावला नाही, बोलावलं नाही. डबा नव्हता. पळी नव्हती. नुसता एक म्हातारा माणूस उभा होता.

पिल्लू बुडालं. आम्ही पाणी शोधत राहिलो. खूप वेळाने पार पलीकडे, झाडांच्या मुळांशी, एक डोकं वर आलं, तोंडात काहीतरी वळवळत होतं, आणि ते मुळांमध्ये शिरून दिसेनासं झालं. डॉक्टरीणबाई तोंडावर पदर धरून रडायला लागल्या. साहेबांनी होडीवाल्याला हाताने खूण केली, पिंजरा झाकून ठेव म्हणून.

सासरे माझ्याकडे वळले. त्यांचे गाल ओले होते आणि पोर परीक्षेत पास व्हावं तसा चेहरा झाला होता.

"त्याने मला ओळखलं गं," ते म्हणाले. "बघितलंस ना? चांगलं ओळखलं, आणि मग पळालं."

"हो, बाबा. बघितलं."

"चला आता," ते सगळ्यांना म्हणाले. "उगाच उभे राहू नका इथे. त्याला आपला त्रास होतो."

आणि सगळ्यांच्या आधी ते स्वतः चिखलातून पाय उचलत होडीकडे चालू लागले.